छातीतल्या मशीनचं नाव

शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, खोलीला खिडकी नसते. भिंती जाड काँक्रीटच्या असतात, आत जायची वाट वळण घेऊन जाते, आणि आमच्या खोलीच्या दारात शिशाच्या पत्र्याबरोबर बोरॉन मिसळलेल्या प्लॅस्टिकचा एक थर बसवलेला आहे. अमरावतीच्या या कॅन्सर रुग्णालयात मी भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करते. रुग्ण डॉक्टरांचा असतो. त्याला किरण किती, कोणत्या दिशेनं आणि कोणत्या ताकदीचे द्यायचे हे गणित माझं. बहुतेक रुग्णांना मी कोण हे शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही, आणि त्याची गरजही नसते.

शेषराव शेंदूरजनाघाटचे. संत्र्याची बाग होती, प्रोस्टेटचा कॅन्सर होता, आणि बांधा रुंद होता. आमच्या मशीनमधून दोन ताकदीचे किरण निघतात, सहा मेगाव्होल्टचे आणि पंधराचे. कमरेचा घेर मोठा असला की सहाचे किरण आत पोचेपर्यंत बरेच खर्ची पडतात, म्हणून अशा रुग्णाला आम्ही पंधराचे देतो. शेषरावांसाठी मी पंधराचा आराखडा केला. डॉक्टर माया यांनी तो पाहून सही केली.

त्याआधी सीटी स्कॅनच्या खोलीत मी त्यांना नेहमीचे प्रश्न विचारले होते. साखर आहे का, पूर्वी शेक घेतला आहे का, शरीरात कुठे धातूचं काही बसवलं आहे का, छातीत पेसमेकर आहे का.

"नाई," शेषराव म्हणाले.

त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई शेजारी पिशवी धरून उभ्या होत्या. "अवो," त्या म्हणाल्या.

"नाई म्हनलं ना," शेषराव म्हणाले.

आमचा स्कॅन बेंबीच्या वरपासून मांड्यांपर्यंतच असतो. छाती त्यात येत नाही. शेषरावांनी अंगातली बंडी काढली नाही आणि आम्हीही ती काढायला सांगितली नाही.

प्रोस्टेटच्या रुग्णांना शेकाआधी भरपूर पाणी पिऊन थांबावं लागतं. मूत्राशय रोज सारखंच भरलेलं असलं तर आतली इंद्रियं रोज त्याच जागी राहतात. त्यामुळे आमच्या व्हरांड्यात सकाळी बाटल्या घेतलेली म्हाताऱ्या पुरुषांची रांग असते. मशीनला थोडा जरी उशीर झाला तरी त्यांची चुळबुळ सुरू होते. शेषराव त्यांच्यात लगेच मिसळले.

"बागेले इतकं पाणी देल्लं असतं तं आंबिया बहार फुटला असता," ते म्हणत. "इथं नुसतं धरून बसा म्हंतात."

तिसऱ्या आठवड्यात त्यांचं बोलणं कमी झालं. बाहेरच्या उतारावरून चढून येताना ते मध्येच कठड्याला टेकायला लागले. सत्यवतीबाई म्हणाल्या, दम लागून राहिला. चक्कर बी येते. डॉक्टर मायांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, गोळ्या दिल्या. शेकामुळे थकवा येतोच, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

एका सकाळी मी मशीनची रोजची तपासणी संपवून बाहेर आले. शेषराव बाकावर होते आणि बेबीताई सिस्टर त्यांचं मनगट धरून उभ्या होत्या.

"पासष्ट," त्या म्हणाल्या. "मॅडम, ह्या काकांची नाडी म्हंजे घड्याळ हाय. काल पासष्ट, परवा पासष्ट. उतार चढून आले तरी पासष्टच."

"रोज?"

"रोज. नवरदेवाची बी इतकी शिस्तीत नसते."

शेषराव दम खात होते. दम लागलेल्या माणसाची नाडी पासष्ट असते हे मला पटेना. मी जे विचारलं ते सरळ आणि वाईट होतं. मी म्हटलं, "बेबीताई, तुम्ही मोजता ना रोज? की कालचाच आकडा?"

बाटल्यांच्या रांगेतल्या माना वळल्या. बेबीताईंनी घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"घ्या. धरा तुमीच."

"तसं नाही म्हणायचं मला."

"तसंच म्हनलं तुमी. घ्या ना. ह्या हातानं लोकायची नाडी धरता धरता माहे केस पिकले, मॅडम. आजवर असं कोणी बोललं नाई."

मी नाडी धरली. पासष्ट. शेषरावांना उतारावरून खाली जाऊन परत यायला सांगितलं. ते आले तेव्हा कपाळावर घाम होता, ओठ कोरडे पडले होते, आणि नाडी पासष्ट होती. एकसारख्या अंतरानं एकसारखा ठोका. निरोगी हृदय असं चालत नाही, आणि आजारी हृदय तर मुळीच नाही. असं फक्त इलेक्ट्रॉनिक सर्किट चालतं.

मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. "शेषरावजी, बंडी वर करा."

डाव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत, मनगटी घड्याळाएवढा एक चपटा उंचवटा होता. त्याच्यावर जुन्या टाक्यांची फिकट रेघ होती.

"चरबीची गाठ हाय," शेषराव म्हणाले.

"चरबीच्या गाठीले टाके कोणी घातले, काका?" बेबीताई मागून म्हणाल्या.

मी त्या दिवशीचा शेक थांबवला. बेबीताईंची माफी मागितली. "बरं," त्या म्हणाल्या आणि घड्याळ परत घेऊन मनगटावर बांधलं.

शेषराव आणि सत्यवतीबाईंना मी माझ्या खोलीत बसवलं.

"तुमी शेक देता कमरेले," शेषराव म्हणाले. "हे हाय वर. हातभर लांब. याचा त्याचा काय संबंध?"

प्रश्न योग्य होता. मला वाटतं, इतक्या वर्षांत कुणा रुग्णानं मला विचारलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता. म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं.

मशीनमधून जे किरण आपण नेम धरून सोडतो, ते क्ष-किरण. कोबाल्टच्या जुन्या मशीनमधून गॅमा किरण निघत, त्यांच्याच जातीचे. ते सरळ जातात. कमरेवर नेम धरला तर छातीपर्यंत थोडेसेच उडतात. पेसमेकरच्या आत सिलिकॉनची चिप असते आणि तिच्यावर काचेचा फार पातळ थर असतो. हे थोडेसे किरण त्या थरात विजेचा भार सोडून जातात. तो साठत राहतो. मग जो ट्रान्झिस्टर बंद असायला हवा त्यातूनही विजेची हळूहळू गळती होते.

"नळाचा वायसर गेल्यासारखं," शेषराव म्हणाले.

"तसंच. पण पंधराचे किरण मशीनच्या डोक्यातल्या जड धातूवर आपटतात तेव्हा त्यातून आणखी काही बाहेर पडतं. न्यूट्रॉन. त्यांना नेम नसतो. ते भिंतींवर आपटून खोलीभर पसरतात. कमरेपाशी जितके, जवळपास तितकेच छातीपाशी. पेसमेकरचं धातूचं कवच त्यांना अडवत नाही. ते चिपमधला अणू जागेवरून हलवतात. चिपमध्ये बोरॉन असलं तर ते न्यूट्रॉन गिळतं आणि त्याचे दोन तुकडे होऊन उडतात. मेमरीत एक असेल तिथं शून्य होतं."

"बोरॉन," सत्यवतीबाई म्हणाल्या. "थे तं आमी झाडाले फवारतो."

"तेच. आमच्या दारातही भरलेलं आहे, न्यूट्रॉन गिळायलाच. दारात ते आपल्याला वाचवतं. चिपमध्ये गिळलं की चिप बिघडते."

दोन्ही मारे एकत्र झाले की नुकसानाची बेरीज नेहमी सरळ होत नाही. गळका झालेला ट्रान्झिस्टर दुसऱ्या धक्क्यानं लवकर हार मानू शकतो. किती लवकर, ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. म्हणूनच पेसमेकर असलेल्या माणसाला आम्ही पंधराचे किरण देत नाही. सहाच्या किरणांतून न्यूट्रॉन जवळजवळ निघतच नाहीत.

"तुमच्या पेसमेकरची मेमरी बिघडली आहे," मी म्हटलं. "अशा वेळी तो आपला सगळा अभ्यास टाकून देतो आणि एकाच गतीनं ठोके देत राहतो. तुम्ही चढा, उतरा, झोपा, त्याला कळत नाही. म्हणून दम लागतो."

"पण चालून तं राहिलं ना?"

"आज चालतंय. मला त्याचं कार्ड हवं. बसवलं तेव्हा कंपनीनं दिलं असेल. मॉडेल कळलं की कंपनीचा माणूस येऊन ते परत लावून देईल."

"सांगा ना," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"तू चूप राह्य."

"चूपच तं होती इतके दिस." त्या माझ्याकडे वळल्या. "कार्ड देवीदासच्या नावाचं हाय. माह्या दिराच्या."

त्यांनी सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी शेषराव धाकट्या भावाकडे, देवीदासकडे, अकोल्याला गेले असताना अंगणात पडले. दवाखान्यात नेलं तर हृदयाचे ठोके फार कमी झालेले. मशीन लगेच बसवायला सांगितलं. शेषरावांचं रेशनकार्ड पांढरं होतं, ते सरकारी योजनेत बसत नव्हते. देवीदासचं पिवळं होतं. भावाभावात एका वर्षाचं अंतर, तोंडावळा एक, मिश्या एक. देवीदासनं स्वतःचं कार्ड काढून खिडकीवर दिलं. शेषराव तिथे देवीदास म्हणून भरती झाले आणि देवीदास म्हणूनच घरी गेले.

"म्हणून म्या तुमाले खोटं नाई सांगतलं," शेषराव म्हणाले. "कागदावर थे मशीन देवीदासच्या छातीत हाय. माह्या नावानं माह्या छातीत काही नाई."

मी त्यांना म्हटलं, न्यूट्रॉन कागद वाचत नाहीत. म्हटल्यावर वाटलं, हे म्हणायची गरज नव्हती.

"आता सांगायला हरकत काय?" मी विचारलं. "इतकी वर्षं झाली."

"गोदा," शेषराव म्हणाले.

गोदाबाई म्हणजे देवीदासची बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा अकोल्याला तिचं डायलिसिस होत होतं, आणि ते त्याच पिवळ्या कार्डावर.

"नाव निंघालं तं चौकशी लागंल. चौकशी लागली तं कार्ड बंद. तिची मशीन थांबली का किती दिस काढंल थे?" शेषरावांचा आवाज चढला नव्हता. बागेत कोणतं झाड ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे ठरवताना माणूस बोलतो तसे ते बोलत होते. "मी इचार करून ठेवला. शेक बंद करतो मी. प्रोस्टेट हळू चालते म्हंतात. डॉक्टरीणबाई बी म्हनल्या. माह्यापाशी दोन-चार वर्सं हायेत. तिच्यापाशी एक हप्ता बी नाई."

हा हिशेब निष्काळजीपणाचा नव्हता. त्यात एक पद राहून गेलं होतं, एवढंच.

"शेक बंद केला तरी मशीन दुरुस्त होणार नाही," मी म्हटलं. "मेमरी गेली ती गेली. ते परत लावावंच लागेल, आणि लावायला कंपनीचा माणूस येईलच. तुम्ही वर्षांचा हिशेब कॅन्सरचा करताय. तो छातीतल्या मशीनचा करायला हवा."

शेषरावांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बंडीची गुंडी लावली.

डॉक्टर मायांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"ज्योत्स्ना, नावाचं नंतर. आधी हृदय. आज त्यांना वॉर्डात मॉनिटरवर ठेवू. कंपनीला फोन करते." मग म्हणाल्या, "पण एक त्यांना सांगून ठेव. माझ्या फाईलमध्ये पेशंट शेषराव आणि पेसमेकर दुसऱ्याचा, अशी सही मी करणार नाही. पुढचा शेक देताना काही झालं तर कंपनीला कोणाचं मशीन म्हणून कळवायचं मी?"

मी ते वॉर्डात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. शेषराव छताकडे बघत होते. सत्यवतीबाईंनी फोन काढला आणि दिराला लावला.

दुसऱ्या दिवशी देवीदास अकोल्याहून पहिल्या बसनं आला. तो फुलांचा व्यापार करायचा. अंगाला झेंडूचा वास होता आणि चेहरा खरोखरच भावाचा होता, फक्त बांधा सडपातळ. पाठोपाठ नागपूरहून कंपनीचा माणूस आला. चंदन नाव, तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात लहान सुटकेससारखं यंत्र. त्यानं खाटेशी उभ्या असलेल्या देवीदासकडे आणि खाटेवरच्या शेषरावांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"यातले पेशंट कोण?"

"जाड हाय थे," सत्यवतीबाई म्हणाल्या.

चंदननं शेषरावांच्या छातीवर एक चपटी चकती ठेवली. यंत्राच्या पडद्यावर हृदयाची रेघ धावायला लागली आणि वर लाल पट्टी आली.

"रिसेट झालाय," तो मला म्हणाला. "बॅकअप मोडवर चाललाय. खालच्या कप्प्यालाच ठोका देतोय, वरच्याशी मेळ नाही. तुमच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या तेच." त्यानं बटणं दाबली. "बॅटरी ठीक आहे. तारा ठीक आहेत. काका, आता मी गती थोडी कमी करतो. तुमचं स्वतःचं हृदय किती चालतं ते बघायचं आहे. काही वाटलं तर लगेच सांगा."

पडद्यावरचे ठोके विरळ होत गेले. पन्नास, चाळीस, तीस. मधल्या जागेत काहीच नव्हतं, सपाट रेघ.

"दिवा गेला का?" शेषरावांनी विचारलं. दिवा लागलेलाच होता. चंदननं पटकन बटण दाबलं आणि ठोके परत आले.

"स्वतःचा एकही नाही," तो हळू आवाजात म्हणाला. देवीदासनं खाटेचा गज धरला.

मग चंदननं मशीन परत लावलं. दोन्ही कप्प्यांचा मेळ, श्रमाप्रमाणे गती, सगळं एकेक करून. थोड्याच वेळात शेषरावांच्या चेहऱ्यावर रंग आला. "बरं वाटून राहिलं," ते स्वतःशीच म्हणाले.

"एवढं झालं," चंदन म्हणाला. "रिसेटमध्ये पेशंटचं नावही पुसलं गेलंय. इथे रकाना रिकामा आहे. काय नाव टाकू?"

मला तो रिकामा रकाना दिसत होता. जी मेमरी बिघडल्यानं माणूस धापा टाकत होता, तिच्यातच देवीदासच्या नावाची जुनी नोंद होती, आणि तीही गेली होती. असं होईल हे मला माहीत नव्हतं. शेषरावांनाही ते माझ्याबरोबरच कळलं असावं, कारण ते कोपरावर उठले.

"नाव नाई टाकलं तं चालत नाई का?"

"मशीन चालेल, काका. त्याला नाव लागत नाही. पण तुम्ही उद्या कुठे पडलात तर समोरच्याला कळायला नको कोणाचं आहे ते? तसं म्हटलं तर सिरियल नंबर आहेच. तुम्हाला अडचण असेल तर मी ऑफिसला नंबर देऊन विचारतो, त्यांच्याकडे बसवलं तेव्हाचं नाव असेल."

"नका इचारू," शेषराव म्हणाले.

"विचारा," देवीदास म्हणाला. "नाई तं मीच सांगतो."

"तू गप. तुले गोदाची काही हाय का नाई?"

"मले तिची हाय म्हणून तं आलो इथं. तिनंच धाडलं."

"तिनं? तिले सांगतलं तू?"

"नाई सांगत तं काय करू! सकाई सकाई डोळे लाल करून बसलो होतो. तिनं इचारलं, कोण मेलं?"

देवीदासनं फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला. पलीकडून यंत्राची बारीक पीपपीप ऐकू येत होती. गोदाबाई डायलिसिसच्या खुर्चीवर होत्या.

शेषराव गोदाबाईंचे भासरे, म्हणजे मोठे दीर. त्या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी सरळ बोलायची पद्धत नव्हती. समोर असले तरी निरोप जावेच्या तोंडून जायचा. फोनवरही तेच झालं.

"जाऊबाई," गोदाबाई म्हणाल्या, "भाऊजी हायेत का तिथं?"

"हायेत. आयकून राहिले."

"तं त्यायले सांगा, लय शहाणपणा झाला."

"सत्यवती," शेषराव म्हणाले, "तिले सांग, तिनं यात पडू नोको. कार्ड गेलं तं तिले कोण बसवंल मशीनवर?"

"ते म्हंतात," सत्यवतीबाईंनी सुरुवात केली.

"आयकलं म्या. त्यायले सांगा, माही मशीन बाहेर हाय. दिसते तरी. मागल्या हप्त्यात बंद पडली तं ह्या पोरींनी मले शेजारच्या खुर्चीवर बसवलं. इथं नाई झालं तं दुसऱ्या दवाखान्यात, तिथं नाई तं कोठी तरी. हिंडून पाहता येते. त्यायची आत हाय. तिथं शेजारची खुर्ची कोठी हाय?"

शेषराव कोपरावरून परत उशीवर टेकले.

"अन् हे बी सांगा," गोदाबाई म्हणाल्या, "का त्यायच्या जिवावर मले जगवायचं असंल तं मले एकदा इचारा लागत होतं. मी काय बागेतलं झाड हाव का, का कोणी बी येऊन पाणी देऊन राहिलं? ठेवते. पोरगी सुई काढाले आली."

फोन बंद झाला. शेषराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चंदननं घड्याळात पाहिलं. त्याला यवतमाळला जायचं होतं.

"मॅडम, काय करू?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, हे मी सांगू शकत नाही. मी फक्त एवढं सांगू शकते की छाती कोणाची आहे.

"शेषराव," सत्यवतीबाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या नवऱ्याला हाक मारताहेत. पण त्या चंदनकडे बघत होत्या. नवऱ्याचा उल्लेख त्या नेहमी 'हे' नाहीतर 'ते' असाच करत. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकून शेषरावांनी ज्या वेगानं मान वळवली, त्यावरून त्यांनीही फारसं ऐकलं नसावं.

"लिवा. शेषराव. गाव शेंदूरजनाघाट. मी त्यायची बायको हाव, मले मालूम हाय छाती कोणाची थे."

चंदननं पडद्यावर अक्षरं उमटवली आणि एकदा वाचून दाखवली. मग चकती काढून सुटकेस बंद केली. जाताना तो मला म्हणाला, "सिरियल नंबरवर ऑफिसमध्ये वेगळं नाव निघेल. ते मला विचारतील." मी त्याला म्हटलं, तेव्हा त्यांना माझा नंबर द्या.

देवीदास पायात चप्पल घालत होता.

"कोठी चालला?" शेषरावांनी विचारलं.

"अकोल्याले. तिथल्या काउंटरवर मीच जाऊन सांगतो. हे साहेब सांगतीन त्याच्या आंधी."

"थांब. मी येतो. मशीन माह्या छातीत हाय. चोर मी हाव."

"चोर तू हायेस, पण कार्ड माहं हाय," देवीदास म्हणाला. "अन् तुह्या अंगाले तारा लावून हायेत. पडून राह्य." दारात तो वळला. "वयनी, याले उठू देऊ नका."

त्याच दुपारी मी शेषरावांचा नवा आराखडा करायला घेतला. सहाचे किरण, दिशा चारऐवजी सात, म्हणजे एकाच जागच्या कातडीवर भार नको. खोल पोचायला वेळ जास्त लागणार होता आणि वाटेतल्या भागाला थोडे जास्त किरण लागणार होते. डॉक्टर मायांनी ते मान्य केलं. फाईलवर पेसमेकरचं मॉडेल, सिरियल नंबर आणि शेषरावांचं नाव एका ओळीत लिहिलं आणि त्याखाली सही केली. आम्ही प्रश्न विचारायची पद्धतही बदलली. आता पेसमेकर आहे का असं विचारून थांबत नाही, बंडी काढायला सांगतो. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांना ते आवडत नाही. बेबीताई त्यांना म्हणतात, काका, लाजू नका, मॅडम माणसावर विश्वास ठेवत नाईत, कातडीवर ठेवतात. माझ्याकडे बघून म्हणतात.

शेषरावांचे शेक पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना संत्री वाटली. मोसम नव्हता, कुठल्या तरी शीतगृहातली होती. ती आपल्या बागेची नाहीत हे त्यांनी प्रत्येकाला बजावून सांगितलं.

देवीदासनं काउंटरवर सांगितलं त्याची नोंद झाली आणि चौकशी लागली. ती अजून संपलेली नाही. देवीदासचा जबाब झाला, शेषरावांचा झाला. मला एक पत्र आलं, मी छातीत काय आहे आणि कोणाच्या आहे एवढं लिहून पाठवलं. कार्ड रद्द केलेलं नाही आणि चालू राहील असंही कोणी म्हणत नाही. गोदाबाईंच्या प्रत्येक डायलिसिसला ते काउंटरवर द्यायचं आणि पडद्यावर काय येतं ते बघायचं, असं चाललं आहे. एका वेळी डायलिसिस अर्धा दिवस अडून राहिलं होतं, असं देवीदास फोनवर म्हणाला. मग कोणीतरी वरून होकार दिला.

शेक संपल्यावर शेषराव गावी गेले नाहीत. बाग बघायला सत्यवतीबाई एकट्या परतल्या. शेषराव अकोल्याला भावाकडे राहिले आहेत. डायलिसिसच्या दिवशी ते देवीदासबरोबर जातात आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसतात. गोदाबाई डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्यासमोरून आत जातात. कार्ड चाललं की शेषराव उठतात, दाराशी उभं राहून देवीदासला म्हणतात, "तिले सांग, झालं," आणि बाहेर चहा घ्यायला जातात.